दुसरा येईपर्यंत

बाबा, काकाने जेवण सोडलं आहे. तुझा जोडीदार, ज्याच्यासोबत तू जन्मभर तलावात एकच जाळं ओढलंस, तो काका. डॉक्टरने घरी न्या म्हटलं. त्याची सून पेज घेऊन बसते, तो तोंड फिरवतो, मग ती मला बोलावते. मी तरी काय करणार, सांग.

तुम्ही दोघं मासोळ्या विकून सायकलीने नागभीडच्या टॉकीजला जायचात. एकदा मलाही नेलं. बाहेर काचेच्या पेटीत पिक्चरचे फोटो लावलेले असत. तुम्हाला हिरोशी घेणंदेणं नव्हतं. तो वाळका मुनीम आणि तो ढेरपोट्या हवालदार, जोडीने हसवणारे ते दोन नट, दोघंही आहेत का, तेवढंच पाहायचात. एकटाच दिसला तर तिकीट न काढता माघारी. त्या दिवशी नेमका मुनीम एकटाच होता. मी भोकाड पसरलं, तर तू भर रस्त्यात खडसावलंस, "हिरो कोणीबी होते रे. हे दोघं नसले तं त्याचं लग्न कोण लावून देईन?" काका पोट धरून हसत होता. मला मात्र तुम्हा दोघांचा फार राग आला होता.

मागच्या आठवड्यात मोबाईलवर एक जुना पिक्चर लावला. मुनीम आला आणि काकाचे डोळे चमकले. "आता दुसरा येते पाह्य," म्हणाला, आणि वाट पाहता पाहता अर्धी वाटी पेज प्यायला. पण त्यात हवालदार नव्हताच. मी मूर्ख, आधी पाहून घेतलं नव्हतं. शेवटी काका माझ्याकडे बघतच राहिला, "दुसरा कुठी गेला?"

म्हणून दुसऱ्या दिवशी दोघं असलेला पिक्चर शोधून लावला. दोघं दारातून सोबतच आत आले. काका म्हणाला, "झालं. आले दोघंबी." आणि डोळे मिटून घेतले. दिवसभर पाण्याचा थेंब घेतला नाही. मी घाबरलो बाबा, खरंच घाबरलो.

काल पाहिलेलं त्याला आज आठवत नाही. तेव्हापासून मी तो पहिलाच पिक्चर लावतो. दुसऱ्याची वाट पाहत तो थोडी पेज पितो, आणि पिक्चर संपत आला की मी चार्जिंग गेलं म्हणून बंद करतो. तू तिकडे त्याची वाट पाहत असशील, हे मला कळतं. तरी उद्याही मी तोच लावणार आहे.