एका धमनीचं काळीज

मी, बसाप्पा गुरुलिंग शेटे, वय चौऱ्याहत्तर, कापडाचा व्यापारी, राहणार राजारामपुरी, कोल्हापूर, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहून ठेवत आहे. दुपारी डोळा लागतो, स्वप्नं पडतात. पण त्यानं बुद्धी बिघडलेली नाही, असा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे.

१. घर आणि दुकान मुलगा सोमेश याचं. पितळी गज सून सुष्मिताचा. कापड मोजताना तिचा हात आखडत नाही.

२. पत्नी शांतव्वा गेली तेव्हा मला रडू आलं नाही. शेजारी जोतीराम गल्लीभर सांगत फिरला, "ह्या बसाप्पाला काळीजच न्हाय की!" रडू नंतर आलं, दुकानात, ती नेसायची तसल्या इरकली लुगड्यांचा गठ्ठा सोडताना. जोतीरामला माझ्या अँजिओग्राफीची सीडी द्यावी. चष्मा लावून बघावी.

३. त्या तपासणीत डॉ. संयोगिता डावी धमनी शोधून थकल्या. म्हणाल्या, "काका, हृदयाला रक्त पुरवणाऱ्या धमन्या दोन असतात. तुमची एकच आहे. उजवीकडनं निघून, वळसा घालून सगळीकडं तीच पुरवते." तेव्हापासून दुपारच्या झोपेत मी कळंब्याच्या तळ्याकाठी असतो. एकच पाट निघतो, सगळं रान हिंडून येतो, आणि पलीकडं शांतव्वा पाण्यात पाय सोडून बसलेली असते. मला फार बरं वाटतं.

४. डॉ. संयोगिता मेडिकल कॉलेजात शिकवतात. असं हृदय मुलांनी हातात घेऊन बघितलं, तर पुढं कुणाचं ऑपरेशन चुकायचं वाचेल, असं त्या म्हणाल्या. म्हणून माझं हृदय कॉलेजला द्यावं. बाकीचा देह आपल्या लिंगायत रीतीनं, बसवून, डाव्या तळहातावर इष्टलिंग ठेवून, रुद्रभूमीत शांतव्वाशेजारी पुरावा.

५. सोमेश म्हणतो, "आप्पा, अपुरं अंग मातीत कसं ठेवू? अव्वाला काय सांगू?" मी गेल्यावर त्याची संमती नसेल तर यातलं काही होणार नाही, हे मला ठाऊक आहे. तरी काळजाचा सौदा करायचा नाही, म्हणून घरदाराला ही अट लावलेली नाही.

पण सोमेश, तुझ्या अव्वाला चौथीतनं शाळेतून काढलं होतं. म्हातारपणीसुद्धा शाळेची घंटा ऐकली की ती हातातलं काम थांबवायची. तिनं विचारलंच, "तुमचं काळीज कुठं हाय?" तर मी सांगीन, "शाळेत गेलंय."

बसाप्पा गुरुलिंग शेटे (सही)
कोल्हापूर, दि. ९ फेब्रुवारी २०२५

साक्षीदार:
१. ॲड. विश्वजित घाटगे (सही)
२. जोतीराम पोवार (सही). सीडी आत्ताच बघितली. हाय काळीज.

खाली, मुलाच्या हातचं:
वाचलं. शाळेत मी सोडून येईन, आप्पा. — सोमेश