नक्कल करण्यास मनाई

ती. भाऊजींस,

शिरसाष्टांग नमस्कार, विनंती विशेष. (विनंती खरोखरच विशेष आहे, म्हणून शेवटी ठेवली आहे.) पाठ कशी आहे? सरकारी विधेयकाचं मराठी भाषांतर करता करता ती धरली, असं ताई म्हणाली. पाठ तुमची धरली, पण तोंड आमच्या बाबांचं बंद झालं, त्याची ही हकिगत.

बाबांचा नाद तुम्हाला ठाऊकच आहे. कोर्टातली नोकरी संपल्यापासून ते रेडिओच्या आवाजात जगतात. 'भाजीत मीठ कमी असल्याचं वृत्त आहे,' असं बातम्यांच्या सुरात सांगून मीठ मागतात. आई चिडली की हवामानवाल्या बाई होऊन 'स्वयंपाकघरात तापमान वाढण्याची शक्यता' वर्तवतात. आई दर वेळी 'पुरे हो' म्हणते आणि दर वेळी हसते. माझे मात्र कान किटले होते. तेवढ्यात पेपरात तुमचं विधेयक आलं. डिजिटल टीव्ही-रेडिओच्या कार्यक्रमांत म्हणे एक छुपी खूण घालणार, आणि ती दिसली की घरातलं यंत्र रेकॉर्डिंगच करणार नाही. खाली तुमचं वाक्य जसंच्या तसं छापलं होतं: 'प्रसारणाची नक्कल करण्यास मनाई.' मी ते मुद्दाम मोठ्यांदा वाचलं. (आग लावायची माझी हौस तुम्ही जाणताच.) बाबांनी चष्मा लावून ते स्वतः वाचलं, घडी घालून पेपर ठेवला, आणि गप्प झाले.

सुरुवातीला घरात इतकी शांतता नांदली की मी मनातल्या मनात तुम्हाला दुवा दिला. मग माझ्या लक्षात आलं की आई रोज भाजीत मीठ कमी घालते आहे. घालते आणि बाबांच्या तोंडाकडे बघत बसते. बाबा मुकाट्याने मिठाची बरणी ओढतात. भाऊजी, मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी बाबांना समजावलं की नक्कल म्हणजे इथे प्रत, कायदा यंत्रांसाठी आहे आणि अजून पासही झालेला नाही. ते म्हणाले, "कायद्यात जे लिहिलंय ते लिहिलंय. अर्थ तू लावायचा नाहीस." शेवटी त्यांना टीव्हीच्या दुकानात नेलं. दुकानदार बिचारा सरळ माणूस. म्हणाला, "काका, आता येणारं नवीन मशीन खूण दिसली की नक्कल करणारच नाही." बाबा माझ्याकडे वळले. "बघ. यंत्राला कळतं, तुला कळत नाही."

तेव्हा विनंती अशी, की 'नक्कल' खोडून तिथे 'प्रत' घाला. एका शब्दाने सरकार पडत नाही, पण आमचं घर बसलंय.

तुमचा,
धाकटा मेहुणा

ता. क. पेपर मी मोठ्यांदा वाचला, हे ताईला कळवू नये.

ता. क. २. (हे कलम तुमच्या विधेयकात नाही.) पाकीट चिकटवत होतो, तेवढ्यात स्वयंपाकघरातून तुमचा आवाज आला. "तसं नाही, आधी व्याख्या बघावी लागेल," आणि मग तुमचं ते खाकरणं. मला वाटलं, न कळवता आलात की काय! जाऊन बघतो तर बाबा पाठीला हात लावून तुमच्यासारखे वाकून उभे, आणि आई ओट्याला धरून, डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसतेय. मी कायद्याची आठवण करून दिली, तर म्हणाले, "मनाई प्रसारणाला आहे. जावयाचं प्रसारण होत नाही."

तेव्हा आता शब्द बदलू नका. फक्त रविवारी या आणि भरपूर बोला. बाबांकडे तुमची दोनच वाक्यं आहेत, आणि आईने आज पुन्हा मीठ कमी घातलंय.