दोन जागांची शिडाची कयाक

मुडावद, ता. शिंदखेडा
२ मार्च २०२५

ती. अक्कास,
सुकदेवचा सा. न. वि. वि.

फोनवर तू बोलतेस आणि माझ्या कानात नुसती गुणगुण होते, म्हणून पुन्हा कागदावर आलो. इकडे सगळे खुशाल. हरभरा घरात आला. शाळेतून निवृत्त झाल्यापासून मी दिवसभर पायात पायात येतो, अशी तुझ्या भावजयीची तक्रार आहे.

आता कामाचं. पुण्याला मुलाकडे होतो तेव्हा तिथल्या तलावावर शिडाची कयाक चालवायला शिकलो, हे तुला सांगितलं होतं आणि तू पोट धरून हसली होतीस. तीच ती अरुंद, लांब होडी. वल्ह्यानेही जाते आणि शीड उभारलं की वाऱ्यावरही. तुमच्या जळगावात मोईज म्हणून खेळाच्या सामानाचा दुकानदार आहे, त्याच्याकडे एक पडून आहे. जुनं मॉडेल, दोन जागांचं, जड, रंग हळदीसारखा. कुणी घेत नाही म्हणून चांगल्या सवलतीत देतो म्हणतो. नवीन मॉडेल हलकं आणि देखणं, पण एकाच माणसाचं. बंधाऱ्यामुळे आपल्या तापीला उन्हाळ्यातही पाणी असतं. तुझी भावजय काही पाण्यात पाऊल घालणार नाही, काठावर बसून चहा करीन म्हणते.

तर जुनी घेऊ, नवीन घेऊ, की घेऊच नको? आणि अक्षय तृतीयेला, आपल्या आखाजीला, यंदा तरी माहेरी येतेस का? तीन वर्षं झाली. तू हो म्हण, मुऱ्हाळी म्हणून न्यायला मी हजर.

लोभ आहेच, त्यात आखाजीपर्यंत भर पडू दे.
तुझा सुकदेव


जळगाव
९ मार्च २०२५

चि. सुकदेव यास,
अक्काचे अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र वाचलं आणि सूनबाईला हाक मारली. म्हटलं, ये, तुझ्या मामेसासऱ्यांचं डोकं फिरलंय ते बघून जा. त्रेसष्टाव्या वर्षी माणसं नातवंडांसाठी घोडा होतात, आणि हा गुरुजी होडीत बसून शीड फडकवणार! बठ्ठा गाव काठावर जमेल, हाई काय शे म्हणून विचारेल, तेव्हा काय सांगशील? दुकानदार सवलत देतो ती आपल्या प्रेमापोटी नाही, त्याला गोदाम मोकळं करायचं असतं. मला विचारशील तर जुनीही नको आणि नवीनही नको.

आखाजीचं मात्र विचारू नकोस. गुडघ्याच्या ऑपरेशननंतर मी फाटकापलीकडे जात नाही. गॅलरीत बसते, रस्ता बघते, बरं चाललंय माझं. तूच ये, झणझणीत शेवभाजी करते.

भावजयीला तुझ्यावर लक्ष ठेवायला सांग. माया आहे म्हणून रागावते, हे तुला ठाऊक आहे.
तुझी अक्का


मुडावद
१६ मार्च २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

रागावलीस, बरं वाटलं. आता खरं सांगतो. एकट्याने फिरायचं तर नवीन मॉडेल केव्हाही चांगलं. माझा जीव जुनीत अडकलाय तो पुढच्या जागेमुळे. आपण लहान असताना तू तापी पोहून पैलतीरी जायचीस आणि मी रडका तुझी चप्पल राखत काठावर बसायचो. पाण्याचं माणूस तू, मी नव्हे. पुढची जागा मी तुझी म्हणून धरली आहे. तू येणार नसशील तर तो मोकळा पाट पुढे घेऊन मी कुठे मिरवू? मग नवीन घेईन, नाहीतर काहीच घेणार नाही. सगळं तुझ्या येण्यावर आहे, अक्का.

निदान बघून तरी ये. दुकान तुझ्या घरापासून लांब नाही, आणि घासाघीस तुझ्याइतकी आपल्या खानदानात कुणाला जमत नाही.

आशीर्वाद आहेतच, सोबत होकारही यावा.
तुझा सुकदेव


जळगाव
२५ मार्च २०२५

चि. सुकदेव यास अनेक आशीर्वाद.

गेले होते. तुझ्यासाठी नव्हे, सूनबाई कधीची बाहेर चला म्हणून मागे लागली होती, तिच्यासाठी.

मोईज पोरगा सभ्य आहे. गोदामात दोन टायरांवर बोट ठेवली होती. मी शिडाचं कापड चोळून पाहिलं, शिवण ओढून पाहिली, बुडावर टिचक्या मारल्या. कुठे खोट काढावी तर सापडेना. नवीन मॉडेलमध्ये पाय दुमडून बसावं लागतं, माझा गुडघा तेवढा दुमडत नाही. जुनीत पाय लांब सोडता येतात, बसून तर बघा, म्हणाला. दोघांनी हात धरून मला पुढच्या जागेवर बसवलं. ऑपरेशननंतर पहिल्यांदाच मी जमिनीलगत बसले आणि काही दुखलं नाही. सूनबाई फोटो काढत राहिली आणि मी उठायचं विसरले.

मग भाव. त्याने वल्ह्यांचे पैसे वेगळे सांगितले. मी रीतीप्रमाणे, राहू दे, आम्हाला नको, म्हणून निघाले. आईने शिकवलंय ना, मागे वळून बघायचं नाही, दुकानदार हाक मारतोच. मी दाराबाहेर आले, काठी टेकत कोपऱ्यापर्यंत गेले, त्याला वेळ मिळावा म्हणून अगदी सावकाश. हाक नाही! शेवटी धावत आला. मला वाटलं, आला वठणीवर. तर त्याने रिक्षा थांबवली, मला अलगद आत बसवलं, खड्डे चुकवून न्या म्हणून रिक्षावाल्याला बजावलं आणि मला तब्येतीला जपायला सांगून परत गेला. आता त्याला कसं सांगू, की बाबा, तू हाक मारायची असते! सूनबाईचं हसू घरी येईपर्यंत थांबेना. बोट तिथेच राहिली.

असो. भावजयीला आशीर्वाद, आणि ही गोष्ट गावात सांगू नकोस.
अक्का


मुडावद
१ एप्रिल २०२५

ती. अक्कास,
सा. न. वि. वि.

गावात सांगितली नाही, फक्त भावजयीला सांगितली. ती अजून हसते आहे.

मोईजचा मेसेज आला. धरणाजवळच्या एका हॉटेलवाल्याने जुनी बोट मागितली आहे, रविवारनंतर तो थांबणार नाही. मी अजून हो म्हटलेलं नाही. बोटीचं बघून झालं, भावाचंही मी बघतो. तू फक्त एवढं सांग, येतेस का? आणि येत नसलीस तर का, तेही सांग. नुसता गुडघा सांगू नकोस, मी तुला ओळखतो.

वाट बघतो. लोभाची खात्री आहे, उत्तराची नाही.
तुझा सुकदेव


जळगाव
५ एप्रिल २०२५

चि. सुकदेव यास उदंड आशीर्वाद.

आज पुन्हा दुकानात गेले. मोईजला म्हटलं, त्या दिवशी हाक मारायची होतीस. तो कानाला हात लावून म्हणाला की त्याला वाटलं, आजींना दम लागलाय. वल्ही त्याने सवलतीतच धरली, वर तरंगायची दोन जाकिटंही दिली. इसार मी दिला आहे. भांडू नकोस. आयुष्यभर भावाकडून साड्या घेतल्या, एकदा भावाला बोट घेऊन दिली तर काय बिघडलं?

आता तू विचारलंस ते. शेवटच्या आखाजीला आले तेव्हा पोरी झोक्यावर होत्या, गाणी चालली होती, आणि मला सावलीत खुर्ची टाकून दिली. घडीघडी कुणीतरी यायचं, अक्का, काही हवं का, म्हणून विचारायचं. मायेनेच विचारत होते रे. पण परतताना मी एसटीत रडले. ज्या गावात मी कधी एका जागी बसले नाही, तिथे मला बसवून ठेवलं होतं. म्हणून येणं सोडलं. गुडघा नंतर निमित्ताला सापडला. पण त्या दिवशी टायरांवरच्या बोटीत बसले आणि मनात आलं, बसायचंच असेल तर हिच्यात बसावं.

तेव्हा मुऱ्हाळी म्हणून ये. येताना मोठी गाडी आणि भक्कम दोर आण, बोट टपावर आणि मी आत. अंगणात खुर्ची मांडलेली दिसली तर मी उतरणार नाही. गाडी घरी थांबवूच नकोस, सरळ तापीवर घे.

बाकी पाण्यात बोलू.
तुझी अक्का