शुक्लाजींसाठी फरशी

५ जानेवारी २०१५, सोमवार
लखनौत दाट धुकं. दहा वाजेपर्यंत गाडीच्या काचेतून काही दिसत नव्हतं. ऑफिसात पोचतो न पोचतो तोच डायरेक्टर साहेबांचं बोलावणं. दिल्लीहून पत्र आलंय. डिस्पॅच हॉलच्या टाइल्सवर कर्मचारी घसरून जखमी झाला, त्याबद्दल काय केलंत? "पाटणकर, ऊपर से कुछ बिछवा दीजिए. विनाइल-शिनाइल. मार्च के बीच तक शुक्ला भी आ जाएँगे."

शुक्लाजी पडून आता दीड महिना झाला. डावा पाय लहानपणीच पोलिओने गेलेला. लोखंडी कॅलिपर, काखेत कुबडी, आणि तेवीस वर्षं याच हॉलमध्ये डिस्पॅचचं टेबल. त्या दिवशी फरशी नुकतीच पुसली होती. कुबडी सटकली, खुब्याचं हाड मोडलं.

जुनी फाइल काढून पाहिली. टाइल्स पसंत केल्याची सही माझी. माहीत होतंच, तरी काढून पाहिली.

१० जानेवारी, शनिवार
नाका हिंडोल्याला विनाइल फरशीच्या दुकानात दोन तास. दुकानदाराने कॅटलॉगचा ढीग मांडला. लाकडासारखं, संगमरवरासारखं, एक तर चक्क गवतासारखं. "साहब, लगेगा जैसे फ़ाइव स्टार में बैठे हैं." मी विचारलं, ओलं झालं तर? "गीला क्यों होगा?" अहो, सरकारी ऑफिस आहे. दिवसातून दोनदा फिनाइलचा पोछा, उन्हाळ्यात कूलर गळतात, पावसात शंभर माणसं चिखलाचे बूट घेऊन येतात. त्याने माझ्याकडे असं पाहिलं की गिऱ्हाईक नको पण प्रश्न आवर.

नमुन्याचे सहा तुकडे घरी आणले. मिनू म्हणाली, "पापा, किचन के लिए है?" नाही म्हटलं. मग कशाला, ते सांगितलं नाही.

१५ जानेवारी, गुरुवार
संक्रांत. सुनंदाने तिळगूळ केला, कॉलनीतल्या दोन मराठी घरांत देऊन आली. "शुक्लाजींकडे नेऊन द्या ना," म्हणाली. म्हटलं रविवारी बघू.

दुपारी फोन मात्र केला. "अरे साहब, आपकी दुआ है, सब ठीक है. आप नाहक परेशान होते हैं. भाभीजी कैसी हैं? बिटिया के इम्तिहान?" दहा मिनिटं माझीच विचारपूस चालली. ठेवल्यावर लक्षात आलं की त्यांच्याबद्दल मला एक अक्षर कळलेलं नाही. आमच्या कऱ्हाडकडचा माणूस असता तर चार शिव्या हासडून मोकळा झाला असता, आणि मीही मोकळा झालो असतो.

१८ जानेवारी, रविवार
आलमबागला गेलो. औषधाच्या दुकानातून एक कुबडी घेतली, खाली रबरी टोपी असलेली, शुक्लाजींची असते तशी. सँपल तपासायचं तर त्यांच्या पायाने तपासलं पाहिजे.

शुक्लाजींचं घर तिथून दोन गल्ल्या पलीकडे. गल्लीच्या तोंडाशी पाच मिनिटं उभा राहिलो. घरी आल्यावर सुनंदाला सांगितलं, मेट्रोच्या खोदकामामुळे रस्ता बंद होता. गाडीला बंद होता. चालत जाणाऱ्याला नव्हता.

२४ जानेवारी, शनिवार
व्हरांड्यात सहा तुकडे ओळीने चिकटवले, वर साबणाचं पाणी. काखेत कुबडी घेऊन, डावा गुडघा दोरीने ताठ बांधून चाललो. लाकडी चमकवाला: दुसऱ्या पावलाला सटकलो. संगमरवरी: बरा, पण पाणी साचून राहतं. राखाडी, बारीक खरखरीत दाण्याचा: कुबडी धरून ठेवली. पुन्हा चाललो. पुन्हा धरली.

शेजारचे शर्माजी गच्चीवरून बघत होते. मिनू दारात येऊन, "पापा, आपको हो क्या गया है, यार?" सुनंदाने दोरी सोडायला मदत केली. गुडघ्यावर वळ उठलेत.

३० जानेवारी, शुक्रवार
आज आठवलं. आठवलं म्हणजे काय, विसरलो कधी होतो? टाइल्स घातल्या त्या दिवशी शुक्लाजी दारात थांबून म्हणाले होते, "बहुत ख़ूबसूरत है साहब. बस ज़रा फिसलन न हो." आणि मी, हसत, "आदत हो जाएगी."

खरखरीत टाइल्सही होत्या तेव्हा दुकानात. मला चमक हवी होती. पुण्यात मेहुण्याच्या कंपनीत पाहिली होती तशी, आत शिरल्यावर आपलं प्रतिबिंब दिसेल अशी. लाज वाटते. लिहितानाही वाटते.

६ फेब्रुवारी, शुक्रवार
बख्शी का तालाबच्या पुढे एका ट्रेनिंग सेंटरमध्ये हेच राखाडी विनाइल तीन वर्षांपूर्वी घातलंय, ते बघायला गेलो. सांधे गरम करून जोडलेले, पाणी खाली जात नाही. तिथल्या सफाईवाल्या बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, "अच्छा है. चमकता नहीं, मगर गिराता भी नहीं." आमच्या ऑफिसच्या खरेदी कमिटीला जमलं नाही ते एका वाक्यात.

परत येताना ड्रायव्हर म्हणाला, आलमबागकडून निघू का, तिकडे आज गर्दी कमी. नको म्हटलं. घाईने म्हटलं. चोराच्या मनात चांदणं.

११ फेब्रुवारी, बुधवार
घोडं अडलं. डायरेक्टर साहेबांना लाकडी चमकवालाच हवा. "दिल्ली वाले आएँगे, कुछ दिखना तो चाहिए." राखाडी म्हणजे हॉस्पिटल वाटतं म्हणे.

मान डोलावून परतायची आपली सवय. आज परतलो नाही. त्यांच्या केबिनमध्ये दोन्ही तुकडे टेप लावून जमिनीवर चिकटवले, टेबलावरच्या जगमधलं पाणी दोन्हींवर ओतलं आणि म्हटलं, सर, चलिए. एक पाय उचलून, माझ्या खांद्यावर हात ठेवून ते चमकवाल्यावर उतरले, आणि पुढच्याच क्षणी माझा खांदा त्यांनी असा धरला की अजून दुखतोय. "पाटणकर, आप पागल हो गए हैं." सही केली पण. राखाडीवर.

२८ फेब्रुवारी, शनिवार
सुट्टीच्या दिवशी हॉल रिकामा करून काम सुरू. टाइल्सच्या फटी भरून सपाट करणं काल ऑफिस सुटल्यावरच झालं. आज रोल पसरले, गोंद, वरून जड रूळ. सकाळपासून तिथेच उभा होतो. ठेकेदार दोनदा म्हणाला, साहब, आप घर जाइए. डिस्पॅचच्या टेबलाखालचा भाग माझ्यासमोर दोनदा दाबून घेतला.

जाताना ठेकेदाराने सगळ्यांसाठी सूचना लावली, गोंद वाळेपर्यंत दोन दिवस: 'जूते बाहर उतारें.'

९ मार्च, सोमवार
होळीनंतरचा पहिला दिवस. गुलाल बुटांना लागून आत येणार आणि माझी फरशी रंगणार या धाकाने लवकर गेलो. हॉल स्वच्छ. दाराबाहेर बुटांची ही रांग! दोन दिवसांची सूचना कुणी काढलीच नाही. उलट कॉम्प्युटरवर नवी, मोठ्या अक्षरांत छापून घेतलीय. आमचे हेडक्लार्क, बडे बाबू, अभिमानाने, "साहब, आपने इतनी मेहनत से लगवाया है, हम लोग जूता लेकर कैसे जाएँ?" हॉलमध्येच बसणाऱ्या निगम मॅडम मोजे घालून, पदर सावरत, माझ्यासमोर सर्रकन घसरल्या. कपाट धरलं म्हणून वाचल्या.

बुटाला पकड देणारी फरशी, आणि बूट बाहेर! डोक्याला हात लावला. कागद फाडला. बडे बाबूंचा चेहरा पडला.

१६ मार्च, सोमवार
शुक्लाजी रुजू झाले. मुलीने रिक्षातून आणून सोडलं. मी जिन्याच्या पायथ्याशी उभा होतो, हात पुढे केला. त्यांनी कुबडी डाव्या हातात घेऊन नमस्कार केला. वाळलेत. केस पांढरे झालेत. "साहब, आपने तकलीफ़ की."

अकरा वाजता हॉलमध्ये गेलो तर टेबल रिकामं. कॉरिडॉरमधल्या बाकावर बसून रजिस्टर मांडीवर, लिफाफे शेजारी, टपाल चढवताहेत. बाहेर पुन्हा बुटांची रांग. कागद फाटला तरी रीत राहिली. मी विचारलं, आत का नाही? "नया फ़र्श है साहब, और हमारा जूता तो लोहे में जड़ा है, उतरता नहीं. ख़राब हो जाएगा. यहाँ हवा भी अच्छी है."

म्हटलं, चला, मी सांगतो. "कल, साहब. कल."

१८ मार्च, बुधवार
कल, परवा. अजून बाकावरच. सगळ्यांना बोलावून सक्त ताकीद दिली, बूट घालूनच आत यायचं. मी स्वतः बूट आपटत हॉलभर फिरलो. लोक हसले, बूट घालून आले. शुक्लाजी तेवढे बाहेर. "जी साहब, बिल्कुल आएँगे."

भीती वाटत असेल? त्या जागी पुन्हा पाय ठेवायची? की माझ्यावर राग? चिडून सुनंदावर ओरडलो. भाजीत मीठ जास्त नव्हतंच.

२० मार्च, शुक्रवार
दुपारी जेवणाच्या सुट्टीत कॉरिडॉर रिकामा होता. बाकावर त्यांच्या शेजारी जाऊन बसलो. लिफाफे बाजूला सरकवून त्यांनी जागा केली.

बोललो एकदाचं. "शुक्लाजी, वो टाइलें मैंने पसंद की थीं. दस्तख़त मेरे हैं."

"मालूम है साहब. वो आर्डर तो हमारे ही हाथ से डिस्पैच हुआ था."

"नाराज़ हैं?"

लिफाफ्याला गोंद लावत राहिले. "फ़र्श पर क्या नाराज़गी. फिसले तो हम थे." मग मान वर न करता, "चार महीने पड़े रहे. दफ़्तर से सब आए. डायरेक्टर साहब भी आए, पाँच मिनट को. दरवाज़े की घंटी बजती तो हम बिटिया से पूछते, देखो, पाटणकर साहब हैं क्या."

लिफाफा बंद केला. मग स्वतःच ओशाळले. "अरे, हम भी क्या ले बैठे. चाय मँगवाएँ आपके लिए?"

 चहा आला. दोघांनी घेतला. फरशीचा विषय नंतर निघाला नाही.

अडीच महिने मी फरशीवर राबलो, तिचा दाणा बोटांनी चाचपला, आणि चार महिन्यांत या माणसाच्या दारात गेलो नाही. कारण तिथे तोंड दाखवावं लागलं असतं. सुनंदाला रस्ता बंद असल्याची थाप मारली होती, तेही तिला आज सांगितलं. ती म्हणाली, "माहीत होतं मला."

२१ मार्च, शनिवार
पाडवा. गुढी उभारली. मिनूने फोटो काढले. रात्रीपासून दही बांधून ठेवलं होतं, श्रीखंड झालं. माझं लक्ष नव्हतं. सुनंदाने न विचारता एक डबा वेगळा भरला आणि फ्रीजमध्ये मागे ठेवला.

२२ मार्च, रविवार
सकाळचे दहा. आंघोळ झाली, इस्त्रीचा शर्ट घातला. अकराला निघायचंय आलमबागला. मनात दहा वाक्यं जुळवून झाली, दहाही खोडली. माफीबद्दल बोलायचं नाही, फरशीबद्दल तर नाहीच. उद्या ते आत येऊन बसतील का, तेही विचारायचं नाही. पायाबद्दल विचारायचं. दुखतो का, कुठे, जिना चढता येतो का, झोप लागते का. चार महिन्यांत मी हे एकदाही नीट विचारलेलं नाही.

सुनंदा डबा पिशवीत ठेवत म्हणाली, "आणि ते 'सब ठीक है' म्हणाले तर?"

म्हणतीलच. लखनौचा माणूस दुसरं काय म्हणेल. मी बूट चढवू लागलो.

"मग लगेच उठू नका," ती म्हणाली.