राजेश्वरीची हवा आणि माझी मिळकत

मी, सौ. सुंदरी पायगोंडा मगदूम, वय एकाहत्तर, निवृत्त विज्ञान शिक्षिका, हल्ली विज्ञानकथा लेखिका, राहणार आष्टा, तालुका वाळवा, जिल्हा सांगली, हे मृत्युपत्र स्वखुशीने, स्वतःच्या अकलेने व स्वतःच्या हाताने लिहून ठेवते. माझ्यावर कोणाचाही दाब नाही. नशापाणी तर लांबच, आमच्या घरात कांदासुद्धा येत नाही. डोकं ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. माझे पती श्री. पायगोंडा यांचं मत वेगळं आहे, पण ते डॉक्टर नाहीत, बेदाण्याचे व्यापारी आहेत.

हे आजच लिहिण्याचं कारण असं की, उद्या सोमवारी मिरजेला माझ्या हृदयाची झडप बदलायची आहे. ही तारीख याआधी तीनदा ठरली आणि तीनदा मी मोडली. माझ्या नव्या कादंबरीचं शेवटचं प्रकरण अडलं आहे. नायिका राजेश्वरी पृथ्वीभोवती फिरणाऱ्या मोडक्या यानात एकटी आहे. सुटकेचं यान अकरा दिवसांनी पोचणार. तेवढा प्राणवायू तिच्याकडे आहे, उच्छ्वासातली वाईट हवा शोषणारी पावडरही शाबूत आहे. फक्त पंखे जळाले आहेत.

"पंखा न्हाई म्हणून कोण मरतंय व्हय?" असं आमच्या घरात सगळ्यांनी विचारून झालं, म्हणून इथं लिहून ठेवते. जमिनीवर गरम हवा वर चढते, त्यामुळे आपण सोडलेला श्वास आपोआप नाकापासून दूर होतो. यानात वजनच नाही, म्हणून वर चढणंही नाही. सोडलेला श्वास तोंडाभोवतीच घुटमळत राहतो. जागी असेपर्यंत राजेश्वरी हातपाय हलवून हवा ढवळते. डोळा लागला की स्वतःच्याच श्वासात गुदमरते. आणि अकरा दिवस जागं राहून हातपाय हलवत राहणं कोणाला झेपत नाही.

तिला वाचवल्याशिवाय मी ऑपरेशनच्या टेबलावर चढणार नाही, असं मी घरात सांगितलं होतं. त्यावर पायगोंडा म्हणाले, "आगं, ती बाई वर आडकली तर आडकू दे. तू हिकडं आडकू नगंस." मृत्युपत्र लिहून झालं की गाडीत बसायचं, असा समझोता काल झाला. तो मी कितपत पाळणार हे मलाही माहीत नाही, कारण राजेश्वरी अजून जागीच आहे.

कलम १. राहत्या घरातला माझा हिस्सा, माहेरकडून आलेली दोन एकर उसाची जमीन आणि बँकेतली ठेव पतीच्या हयातीत पतीची, त्यांच्यामागे मुलगा सम्मेद याची. सम्मेद हळदीचा व्यापार करतो आणि माझ्या पुस्तकांत एखादं लग्न घाला म्हणून मागे लागतो. त्याला यापेक्षा जास्त काही देता येणार नाही.

कलम २. माझी दुर्बीण, लोणच्याची मोठी काचेची बरणी आणि तिला जोडलेला, जुन्या फ्रिजच्या कॉम्प्रेसरचा केलेला निर्वात पंप सूनबाई सौ. कस्तुरी हिला. या पंपाने बरणीतली हवा काढली की पाणी हाताला गार असतानाच उकळतं. अंतराळात उघड्यावर सापडलेल्या माणसाच्या जिभेवरची लाळ अशीच उकळते. तो माणूस फुटत बिटत नाही, दहा-पंधरा सेकंदांत बेशुद्ध पडतो, आणि श्वास कोंडून धरला तर मात्र फुप्फुसं फाटतात. हे मी कस्तुरीला प्रयोगासह दाखवलं आहे. कॉम्प्रेसर काढला तेव्हा फ्रिज चांगला चालू होता असं तिचं म्हणणं आहे. ते खरं आहे. म्हणूनच पंप तिला.

कलम ३. पुण्याचे माझे संपादक श्री. मानसिंग यांना एक मेणबत्ती, काडेपेटी व झाकणाची बरणी. माझी पहिली कादंबरी छापताना या गृहस्थांनी मला न विचारता तीत एक परिच्छेद घुसडला. आमचा नायक अंतराळस्थानकात आरती करतो आणि निरांजनाची ज्योत सरळ वर जाते. वर कुठे जाते? वर आहे कुठे तिथं? वजन नसलं की ज्योत गोल होते, निळसर आणि मंद. हे फोनवर सांगितलं तर म्हणाले, "मॅडम, वाचकाला भक्तिभाव लागतो." पडणाऱ्या वस्तूला पडेपर्यंत वजन नसतं, तेव्हा त्यांनी बरणीत मेणबत्ती पेटवून, झाकण लावून ती गच्चीवरून मऊ गादीवर टाकावी आणि पडता पडता ज्योतीचा आकार बघावा. बरणीबरोबर उडी घेण्याची त्यांच्यावर सक्ती नाही.

कलम ४. त्याच कादंबरीवरून आमच्या समाजात जो वाद झाला तो माझ्या मागे कोणी उकरून काढू नये. नायक आष्ट्याचा जैन. सूर्य मावळल्यावर जेवायचं नाही हा त्याचा नेम. स्थानकावर दर दीड तासाने सूर्य मावळतो. बस्तीत, म्हणजे आमच्या जैन मंदिरात, चातुर्मासभर हीच चर्चा. निम्म्यांचं म्हणणं, दर उजाडण्याला जेवायला मोकळा, म्हणजे दिवसाला सोळा पंगती. निम्म्यांचं म्हणणं, ताटावर बसेपर्यंत मावळतोय, तेव्हा उपासच. शेवटी वडीलधाऱ्यांनी निकाल दिला की आष्ट्याचा सूर्य धरावा. मी तो दुसऱ्या आवृत्तीत घातला. विज्ञानाची त्याला काही हरकत नव्हती. फक्त आमचे पायगोंडा अजून सोळा पंगतींच्या बाजूचे आहेत.

कलम ५. शेजारी, निवृत्त सुभेदार जोतीराम यांनी बर्फात नोकरी केली आहे. माझ्या थंडीच्या प्रकरणांवर त्यांचा दरवेळी एकच शेरा असतो: "आमच्या पोस्टीवर ह्यापेक्षा लय गारठा हुता." अंतराळात माणूस क्षणात गोठत नाही, कारण उष्णता न्यायला भोवती हवाच नसते, थर्मासात चहा गरम राहतो तसं ते आहे, हे त्यांना अजून पटलेलं नाही. म्हणून माझा थर्मास त्यांना देण्याचं मनात होतं. पण साक्षीदाराला काही देऊ नये असं वकिलांनी सांगितलं.

"आवं बाई, मग थर्मासाचं?" जोतीराम आत्ता समोर बसून विचारत आहेत.

थर्मास त्यांनी आजच उचलून न्यावा. जिवंतपणी दिलेली वस्तू या मृत्युपत्रात मोडत नाही.

कलम ६. मी गेल्यावर 'अनंतात विलीन' असं कुठेही छापू नये. पृथ्वी सोडायला सेकंदाला अकरा किलोमीटर वेग लागतो. माझी राख कृष्णेपर्यंत सम्मेदच्या टेम्पोतून जाईल. 'तारा निखळला' हेही नको. निखळतो तो वाळूच्या कणाएवढा खडा असतो. शोकसभेत कोणी बोलायला उठलाच, तर बाई गणितात चुकत नव्हत्या एवढं बोलून त्याने खाली बसावं.

कलम ७. सर्व पुस्तकांचे हक्क पतीकडे. अपुऱ्या कादंबरीचे हक्क कोणाला द्यावेत हे मला ठरवता येत नाही. मानसिंग यांना दिले तर ते राजेश्वरीला चमत्काराने उतरवतील. चमत्कार नसतात असं मुलांना सांगून मी आयुष्यभर पगार घेतला आहे. सम्मेद तिचं लग्न लावेल. माझ्या कादंबऱ्यांत माणूस नेहमी एकटाच असतो, कारण दुसरा आला की तो हवा खातो, पाणी पितो आणि बोलतो. एकत्र कुटुंबात पन्नास वर्षं काढल्यामुळे मला एकटेपणाची हौसही आहे. तेव्हा हक्काची जागा कोरी ठेवून, राजेश्वरीला मरू द्यावं आणि तसं प्रामाणिकपणे छापावं.

इथपर्यंत लिहिलं आणि दुपारी वीज गेली. झडप खराब असल्याने मला आडवं झोपता येत नाही, खुर्चीतच डोळा लागला. जाग आली तेव्हा दोन्ही साक्षीदार बाहेर ओट्यावर जाऊन बसले होते आणि पायगोंडा समोरच्या स्टुलावर बसून बेदाण्याच्या खोक्याच्या झाकणाने मला वारा घालत होते. त्यांचे स्वतःचे डोळे मिटलेले, हात मात्र चालू.

मी विचारलं, "कवापासनं घालताय?"

"लाईट गेल्यापासनं."

"आवं, हात मोडंल की."

"दुखतोय. पर थांबलो की तू दचकून जागी व्हतीस."

मला रडू आलं. जोतीरामांनी खिडकीतून पाहिलं आणि लगेच मान वळवली, ही एका सुभेदाराची सभ्यता इथं नोंदवते. मग मी कागद पुढे ओढला.

कलम ८. कलम ७ मध्ये राजेश्वरीच्या मरणाबद्दल जे लिहिलं आहे ते रद्द समजावं. ती यानात एकटी नाही. पहिल्या प्रकरणापासून तिच्याबरोबर एक माणूस घालावा. तो वयस्क असावा, त्याला विज्ञान येत नसावं आणि तो बडबड्या असावा. ती झोपेल तेव्हा त्याने वारा घालावा, तो झोपेल तेव्हा तिने. त्याचं नाव पायगोंडा ठेवतील ते.

याचा परिणाम काय होतो ते मला ठाऊक आहे. हवा एकाची आणि माणसं दोन झाली, म्हणजे प्राणवायू अर्ध्या वाटेतच संपतो. सुटकेचं यान पोचायच्या कितीतरी आधी. मी दोनदा आकडे मांडून पाहिले. गणित बसत नाही. परत आले तर मी ते सोडवीन. न आल्यास 'लेखिकेला हे गणित सुटलं नाही' असं शेवटच्या पानावर छापावं आणि मानसिंग यांनी त्यात एका काडीचीही भर घालू नये. गणित बसवण्यासाठी त्या माणसाला यानातून काढण्याचा हक्क मी कोणालाही देत नाही, पायगोंडांनाही नाही.

उद्या सकाळी मी मिरजेला जाते.

हे मृत्युपत्र मी वाचून, समजून, दोन्ही साक्षीदारांसमक्ष सही केली आहे. याआधीचे कोणतेही मृत्युपत्र नाही.

सही: सौ. सुंदरी पायगोंडा मगदूम

साक्षीदार:
१. जोतीराम आकाराम साळुंखे, निवृत्त सुभेदार, आष्टा
२. श्रीमती बनुबाई धनाजी शिंदे, आष्टा

ठिकाण: आष्टा
दिनांक: २७ एप्रिल २०२५, रविवार