लख्ख डबा

रविवार, संध्याकाळ

सईचा डबा रोज सकाळच्या एसटीने देवळालीहून नगरला, तिच्या होस्टेलवर जातो आणि संध्याकाळी धुऊन परत येतो. लख्ख डबा पाहून आम्ही खूश, पोरगी पोटभर जेवते म्हणून. कोण जेवतं, हे विचारलं का कधी?

काल घरी आली ती झोपूनच. आज हिने विचारलं, "उद्या डब्याला काय देऊ गं?"

"काहीही दे, मैत्रिणीच खातात. मला घास उतरत नाही, आई. पुस्तक उघडलं तरी रडू येतं."

पेपरात गावभर टोमणे छापणारा मी, घरातलं एवढं दिसलं नाही.

मग तिनेच हळूच विचारलं, "पप्पा, उद्या एसटीने नुसता डबाच पाठवाल? मी घरीच राहू?"

डबाच पाठवतो, तू राहा, म्हणालो. लख्ख डबा ओट्यावर पालथा आहे. बघवत नाही.