देव बघेल, पण मागची खोली जावेची

मी, खाली सही करणारी, वय एकाहत्तर, धंदा शिवणकाम, डोकं ठिकाणावर असताना हे मृत्युपत्र स्वतःच्या हाताने लिहीत आहे. मुलाला शंका आल्यास डॉक्टरांचा दाखला मागे टाचला आहे. माझ्यावर कोणाचंही दडपण नाही. दडपण आणू शकतील अशी माणसं माझ्याआधीच गेली.

राहतं घर मुलाच्या नावे करते. मात्र दिराच्या माघारी मागच्या खोलीत एकटी राहणारी माझी धाकटी जाऊ हयात असेपर्यंत त्याच खोलीत राहील, आणि तोवर घर विकता येणार नाही. गेल्या महिन्यात मी मुलाला विचारलं, "माझ्यामागे काकूचं काय?" चिरंजीव मोबाईलमधून मान वर न काढता म्हणाले, "देव बघेल." म्हणून हा कागद.

"देव बघेल" ही या घराण्याची वडिलोपार्जित मिळकत आहे. आमच्या यांचा कारखाना बंद पडला तेव्हा हे कॉटवर आडवे होऊन तेच म्हणायचे. पत्रे गळायला लागले, देव बघेल. पोराला ताप, देव बघेल. देवाने बघितलं असेलही, बादली मात्र मी लावली. यांची कॉट मुलाला देते. तिचा वापर त्याला ठाऊक आहे.

त्याच वर्षी इस्पितळाच्या तीस पांढऱ्या कोटांचं काम मिळालं. ते हुकलं असतं तर घरात दुसरा आधार नव्हता. काळजीने डोकं इतकं फिरलं होतं की कापड दुमडून डावी-उजवी जोडीने कापायचं विसरून मी साठच्या साठ बाह्या डाव्या कापल्या. जादा कापड एक वीतही नव्हतं. मी कात्री भिंतीवर फेकली आणि वर बघून म्हटलं, "बघ. बघायलाच बसला आहेस."

तो आला नाही. जाऊ आली. तिच्याशी माझा सहा वर्षं अबोला होता, कारण मी शिवलेल्या ब्लाउजचा गळा कलतो असं ती चारचौघांत म्हणाली होती. गळा कलत नव्हता. तिचा खांदाच कलता आहे.

"जाऊबाई, काय पडलं?"

"सगळ्या बाह्या डाव्या झाल्या गं," म्हणताना मला रडू फुटलं.

जिला बटण धड लावता येत नाही, तिने एक बाही उचलून दोन्ही बाजूंनी चाचपली. "अहो, याला उलटं-सुलटं कुठे आहे? निम्म्या पालथ्या करा की."

साधं सुती कापड, दोन्ही अंगांनी सारखं. डावी बाही पालथी केली की उजवी. वीस वर्षं कात्री चालवून हे मला सुचू नये.

त्या दुपारपासून माझा देवावर विश्वास आहे, हे इथे नमूद करते. अडचणीत तो वाट दाखवतो. फक्त ज्याचं तोंड बघायची आपली इच्छा नसते, नेमकं त्याच्याच तोंडून दाखवतो. खोड आहे त्याला.

मशीन, टेप आणि टोक मोडलेली ती कात्री जावेला. बँकेतली शिल्लक मुलगा आणि जाऊ, दोघांत निम्मी.

सध्या जाऊ दाराबाहेर फुगून बसली आहे. "साक्षीला परक्यांच्या सह्या चालतात, माझी नाही. अजून तो गळाच धरून बसलात." साक्षीदाराला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, असा कायदा आहे. तिने सही केली की खोली गेली. हे आत्ता सांगितलं तर ती खोलीच नको म्हणेल, हट्टी आहे. म्हणून मी गेल्यावर हा कागद तिला मोठ्याने वाचून दाखवावा. अगं, बाह्यांच्या त्या दिवसाबद्दल मी तुझे आभार कधी मानले नाहीत. मला तुझी फार सोबत झाली.

सहीपूर्वी एक दुरुस्ती, साक्षीदारांसमक्ष: वर "गळा कलत नव्हता" असं लिहिलं आहे, ते रद्द समजावं. कलत होता.

लिहून देणार: सही (स्वतःची, चष्मा लावून)

साक्षीदार: १. समोरचा इस्त्रीवाला. २. दाखला देणारे डॉक्टर. दोघांनी माझी सही डोळ्यांनी पाहिली आणि मग आपापली केली.

ठिकाण: शिवणाची खोली, खिडकीजवळचं टेबल
दिनांक: ९ ऑक्टोबर, बुधवार, सकाळी अकरा